मास्टर चार्ट कुणी मागितलाच नाही: भूलशास्त्रातल्या बनावट संशोधनाचं एक प्रकरण

ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं त्या संशोधकाचं नाव जगजाहीर आहे. तरीही इथे त्यांना ‘डॉ. क्ष’ म्हटलं आहे. नाव घेतलं की चर्चा माणसाच्या स्वभावाकडे वळते आणि ‘एक वाईट माणूस होता, सापडला, संपलं’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला रस आहे तो त्यांच्या आजूबाजूच्या लोकांत. शंका आल्यावर संपादक, सहलेखक, विभागप्रमुख आणि आढावा लिहिणारे काय करत होते, हे पाहायचं आहे. शंका छापून आली २००० साली आणि निकाल लागला २०१२ साली.

पार्श्वभूमी

ऑपरेशननंतर रिकव्हरीत दोन तक्रारी सारख्या कानावर पडतात: दुखतंय आणि मळमळतंय. प्रतिबंधक औषध दिलं नाही तर साधारण तीनांतल्या एका पेशंटला मळमळ किंवा उलटीचा त्रास होतो. बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागण्याची सवय, ऑपरेशननंतर दिलेली ओपिऑइड (मॉर्फिनच्या गटातली वेदनाशामक) औषधं या चार गोष्टी एकत्र आल्या तर हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातं. पीजी करणाऱ्या प्रत्येकाला हा अॅफेल स्कोअर पाठ असतो. अॅफेल हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९९०च्या दशकात ओंडॅन्सेट्रॉन आणि त्याच गटातलं ग्रॅनिसेट्रॉन बाजारात आलं. केमोथेरपीच्या उलट्यांवर ती चाललीच होती. आता ऑपरेशननंतरही चालतात का, किती डोस लागतो, कुठल्या ऑपरेशनला जास्त उपयोग होतो, असे प्रश्न होते. असे प्रश्न छोट्या अभ्यासांना सोयीचे पडतात. पेशंट रोज मिळतात, मोजायचं चोवीस तासांपुरतं असतं, खर्च फारसा नसतो.

डॉ. क्ष जपानमधले भूलतज्ज्ञ. आधी टोकियोत, मग त्सुकुबा विद्यापीठात आणि २००५पासून तोहो विद्यापीठात. ग्रॅनिसेट्रॉनवर त्यांनी निबंधांची रांग लावली. थायरॉइड, स्तनाचं ऑपरेशन, कानाचं ऑपरेशन, लहान मुलांचा तिरळेपणा, दुर्बिणीतून पित्ताशय, सिझेरियन: ऑपरेशन बदलायचं, आराखडा तोच ठेवायचा. चिठ्ठी टाकून गट पाडलेले, दुहेरी अंध (कुणाला काय दिलं हे पेशंटलाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही), प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या डोसशी तुलना. कागदावर पाहिलं तर अभ्यास आदर्श होता. शिवाय प्रोपोफॉल टोचताना होणाऱ्या वेदनेवर आणि कुत्र्यांच्या श्वासपटलाच्या थकव्यावरही निबंध होतेच. १९९० ते २०११ या काळात त्यांच्या नावावर २४९ निबंध जमा झाले.

प्रत्यक्ष ओटी (ऑपरेशन थिएटर) चालवणाऱ्याला इथेच एक प्रश्न पडायला हवा होता. दुहेरी अंध अभ्यासाला माणसं लागतात. सिरिंज भरणारा वेगळा, देणारा वेगळा, वॉर्डात जाऊन पेशंटला ‘मळमळलं का?’ असं विचारणारा आणखी वेगळा. एका अभ्यासाला शंभर-सव्वाशे पेशंट धरले तरी ही यंत्रणा कित्येक महिने अडकून पडते. वर्षाला असे कित्येक अभ्यास करणाऱ्या विभागात चिठ्ठ्यांची पाकिटं, नोंदवह्या आणि वैतागलेले रेसिडेंट दिसल्याशिवाय राहत नाहीत. हे सगळं कुठे आहे, असं विभागातल्या कुणी कधी विचारलं का? निकाल पाहता विचारलं नसावं.

संशय कसा आला

जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातले क्रँके, अॅफेल आणि रोएवर ग्रॅनिसेट्रॉनवरचे सगळे अभ्यास एकत्र करत होते. तेव्हा डॉ. क्ष यांचे ४७ निबंध त्यांच्यापुढे आले. ते अडकले दुष्परिणामांच्या तक्त्यात. औषधाच्या परिणामाचा तक्ता सगळेच वाचतात, पण डोकेदुखी, चक्कर, बद्धकोष्ठता यांचा शेवटचा कंटाळवाणा तक्ता फारसा कुणी वाचत नाही. त्या तक्त्यात निबंधामागून निबंधात डोकेदुखीचे आकडे सगळ्या गटांत सारखे होते.

यात काय बिघडलं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा तीन गट आहेत, प्रत्येकात ४० पेशंट, आणि डोकेदुखी खरोखर दहा टक्के लोकांना होते. औषधाचा त्यावर काहीच परिणाम नाही असं धरलं तरी एका गटात ३, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४ असं काहीतरी येणार. तिन्ही गटांत नेमका एकच आकडा यावा असं शंभरांत दोन-तीनदा घडेल. एका निबंधात घडलं तर कुणी भुवई उंचावणार नाही. पण एकाच लेखकाच्या निबंधांत ते वारंवार घडत असेल, तर त्या शक्यता एकमेकींना गुणल्या जातात. वुर्झबर्गच्या मंडळींनी तो गुणाकार केला. योगायोगाने असं होण्याची शक्यता ६.७८ भागिले शंभर कोटी निघाली, म्हणजे सुमारे पंधरा कोटींत एक.

एप्रिल २०००मध्ये ‘अॅनेस्थेशिया अँड अॅनाल्जेसिया’ या नियतकालिकात त्यांचं पत्र छापून आलं. हे निष्कर्ष अविश्वसनीय वाटावेत इतके छान आहेत, असा टोमणा शीर्षकातच होता, तोही उद्गारचिन्हासकट. फसवणूक हा शब्द त्यांनी वापरला नाही. सोबत डॉ. क्ष यांचं उत्तर छापलं होतं. त्याचा सूर असा होता, की आमचे निष्कर्ष खरे आहेत, आणखी किती पुरावा दिला म्हणजे तुमचं समाधान होईल?

पहिला निर्णय: पत्र छापलं, पुढे काय?

संपादकांपुढे तेव्हा हे मार्ग होते. पत्र आणि उत्तर शेजारी शेजारी छापायचं आणि न्याय वाचकांवर सोडायचा. लेखकाकडे एकेका पेशंटची मूळ नोंद मागायची. विद्यापीठाला लिहून चौकशीची विनंती करायची. आणि खुलासा होईपर्यंत त्या लेखकाचे नवे निबंध थांबवून ठेवायचे.

त्यांनी पहिला मार्ग धरला आणि तिथेच थांबले. आज बारा वर्षांनंतरचा निकाल हातात असताना त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून त्या वेळची बाजूही मांडायला हवी. संपादक म्हणजे पोलीस नव्हेत. दुसऱ्या देशातल्या रुग्णालयाचं रेकॉर्ड उघडायला लावण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आरोप खोटा ठरला तर बदनामीचा दावा डोक्यावर होता. संपादकांसाठी नीतिनियम ठरवणारी ‘कोप’ ही संस्था १९९७मध्ये सुरू झाली होती, पण संशय आल्यावर कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी घ्यायची याची रूढ चौकट अजून बसलेली नव्हती. शिवाय लेखकावर विश्वास ठेवायचा ही वैद्यकीय नियतकालिकांची जुनी रीत होती. परीक्षक निबंध वाचतो, आकडे खरे आहेत असं धरून चालतो आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का एवढंच पाहतो.

हे सगळं मान्य केलं तरी दुसऱ्या मार्गाला काही खर्च नव्हता. आकडे खरे असतील तर लेखकाच्या कपाटात कागद असणारच. ‘पाठवा’ म्हणायला कोर्टकचेरी लागत नाही. तो प्रश्न विचारला गेला नाही आणि लेखकाच्या तोंडी खात्रीवर विषय मिटला. त्याच नियतकालिकाने पुढेही त्यांचे निबंध छापले. नंतर संपादक झालेल्या स्टीव्हन शेफर यांनी २०००मधली ती हाताळणी अपुरी होती हे उघडपणे मान्य केलं.

मधली वर्षं

२००१मध्ये क्रँके आणि सहकाऱ्यांनी आणखी एक निबंध लिहिला. एकाच केंद्रातून आलेल्या अभ्यासांचं वजन संपूर्ण आढाव्यावर पडलं तर काय होतं, हा त्याचा विषय. डॉ. क्ष यांचे अभ्यास आत ठेवले की ग्रॅनिसेट्रॉनचं चित्र वेगळं दिसायचं, बाजूला काढले की वेगळं. म्हणजे शंका केवळ डोकेदुखीच्या तक्त्यापुरती राहिली नव्हती. ती आता औषधाच्या परिणामापर्यंत पोचली होती.

पुढे बराच काळ काहीच हललं नाही. निबंध येत राहिले.

या काळात सगळ्यात अवघड जागी होते ते आढावा लिहिणारे. इंग्लंडमधल्या टॉर्कीचे भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी एका सहकाऱ्यासोबत मळमळ-उलटीच्या औषधांचा कॉक्रेन आढावा (कॉक्रेन या संस्थेसाठी सगळे अभ्यास एकत्र करून केलेला आढावा) २००६मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ७३७ अभ्यास आणि एक लाखाहून जास्त पेशंट होते. अशा ढिगात डॉ. क्ष असणारच. त्यांना वगळावं तर कुठल्या निकषावर? कागदोपत्री त्यांच्या अभ्यासांचा दर्जा चांगला होता. पुराव्याशिवाय वगळणं म्हणजे आडून आरोप करणं. आणि घ्यावं तर खोटे आकडे शेकडो खऱ्या आकड्यांत मिसळणार. आढाव्याच्या तेव्हाच्या नियमांत ‘हा अभ्यास मुळात झाला का?’ असा रकानाच नव्हता. गट कसे पाडले, पाकिटं बंद होती का, कुणाला कळलं नाही ना, हे सगळं विचारलं जायचं. खोटं लिहिणाऱ्याला या सगळ्याची बरोबर उत्तरं लिहिणं सगळ्यात सोपं असतं.

वातावरण बदललं ते दुसऱ्याच प्रकरणांमुळे. २००९मध्ये अमेरिकेतले स्कॉट रुबेन सापडले. ऑपरेशननंतरच्या वेदनेवरचे त्यांचे अभ्यास बनावट निघाले आणि पुढे त्यांना तुरुंगवास झाला. २०१०मध्ये जर्मनीतले योआखिम बोल्ट. दोन वर्षांत दोन मोठी नावं, दोन्ही भूलशास्त्रातली. (आमच्याच शाखेत एवढे का, असं विद्यार्थी विचारतात. छोटे, स्वस्त, एका दिवसात मोजून होणारे अभ्यास इथे भरपूर होतात, हे एक कारण मला पटतं. इथे शोधणारेही जास्त चिकाटीचे निघाले, हेही तितकंच खरं.)

दुसरा निर्णय: आकड्यांनाच साक्षीला बोलवायचं

कार्लाइल यांनी डॉ. क्ष यांचे चिठ्ठी टाकून गट पाडलेले १६८ अभ्यास घेतले. औषधाच्या परिणामाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी पाहिला तो पहिला तक्ता: वय, वजन, उंची, रक्तदाब, ऑपरेशनचा कालावधी. ही सगळी मापं औषध देण्याआधीची किंवा औषधाने न बदलणारी. गट खरोखर चिठ्ठीने पाडले असतील तर त्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असतो, आणि योगायोगाला ठरावीक वळण असतं. काही अभ्यासांत गट जवळजवळ सारखे निघतात, काहींत बऱ्यापैकी वेगळे, बाकी मधले. कुणाला शंभर नाणेफेकींचा निकाल मनाने लिहायला सांगा. तो सलग सहा छापे लिहायला कचरेल, खऱ्या नाण्याला तसलं काही वाटत नाही. वयाची सरासरी मनाने लिहिणाऱ्याचंही तसंच होतं. गट सारखे दिसावेत म्हणून तो आकडे जवळजवळ ठेवतो, आणि १६८ वेळा तसंच केलं की ते उघडं पडतं.

२०१२च्या मार्चमध्ये ‘अॅनेस्थेशिया’ या दुसऱ्या नियतकालिकात हे विश्लेषण आलं. या निबंधातली भाषा संशोधन शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. त्यांनी लेखकाला लबाड म्हटलं नाही. हे आकडे यादृच्छिक निवडीतून येणाऱ्या आकड्यांपासून इतके दूर आहेत, की त्यांना पुराव्यांच्या साठ्यात जागा देऊ नये, एवढंच म्हटलं. बाकीचं शोधून काढणं संस्थांवर सोडलं. संख्याशास्त्र जिथवर नेतं तिथवरच जायचं, असा हा निर्णय होता आणि तो टिकला. २००० सालच्या पत्रात एका लक्षणाचा हिशेब होता, इथे सबंध कारकिर्दीचा.

तिसरा निर्णय: एकेकट्याने लिहायचं की मिळून

तोवर तोहो विद्यापीठाने स्वतःची चौकशी करून २०१२च्या सुरुवातीला डॉ. क्ष यांना बडतर्फ केलं होतं. कारण वेगळंच होतं: आठ निबंधांसाठी नीतिसमितीची मंजुरी नव्हती. आकडे खोटे आहेत हे सिद्ध करायला वर्षं लागतात, मंजुरीचं पत्र नाही हे सिद्ध करायला एक दुपार पुरते. बोल्ट यांचे ८८ निबंध मागे घेतले गेले तेही मंजुरीच्याच मुद्द्यावर. एथिक्स कमिटीचं काम म्हणजे नुसता शिक्का असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एप्रिल २०१२मध्ये २३ नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन डॉ. क्ष जिथे जिथे काम करत होते त्या संस्थांना पत्र लिहिलं. आकडे खरे आहेत हे जूनअखेर दाखवा, नाहीतर निबंध मागे घेऊ, असा त्याचा मतितार्थ होता. पत्र साधं होतं, पण त्याने दोन गोष्टी बदलल्या. सिद्ध करण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्याकडून लेखकाच्या संस्थेकडे गेली. आणि एका संपादकावर दावा लावण्याची भीती २३ जणांत वाटली गेली.

निष्पत्ती

जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने समिती नेमली आणि तिने जूनअखेर अहवाल दिला. २४९पैकी २१२ निबंध तपासले. त्यांतल्या १७२ निबंधांत आकडे बनावट होते, आणि त्यांपैकी १२६ चिठ्ठीने गट पाडल्याचं सांगणारे अभ्यास संपूर्णपणे रचलेले होते. कल्पना सुचावी आणि टेबलाशी बसून कादंबरी लिहावी तसं हे काम आहे, अशा आशयाचं वाक्य अहवालात आहे. खरे म्हणून उभे राहिले फक्त तीन. उरलेल्या ३७ निबंधांबद्दल समितीला काहीच ठरवता आलं नाही. काही सहलेखकांना आपलं नाव निबंधावर आहे याचीच कल्पना नव्हती.

पेशंटचं नुकसान किती झालं? ग्रॅनिसेट्रॉन हे त्यामानाने निरुपद्रवी औषध, त्यामुळे इथे मुख्य तोटा म्हणजे चुकीचा डोस, वाया गेलेले पैसे आणि त्या पायावर उभारलेले पुढचे खरे अभ्यास. पण हे दैव म्हणायचं. बोल्ट यांचा विषय हायड्रॉक्सिएथिल स्टार्च हा शिरेतून देण्याचा द्रव होता. २०१३मध्ये त्यांचे सात अभ्यास काढून टाकून गंभीर रुग्णांवरचे बाकीचे अभ्यास पुन्हा एकत्र केले, तेव्हा त्या द्रवाने मृत्यूचं आणि किडनी बिघडण्याचं प्रमाण वाढतं असं दिसलं. ते सात आत होते तोवर हे झाकलं गेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळं प्रकरण एका न विचारलेल्या प्रश्नावर फिरतं: मूळ नोंदी कुठे आहेत? आणि गंमत अशी, की हा प्रश्न आपल्याकडच्या एमडीच्या थिसिसमध्ये आधीच बसवलेला आहे. प्रत्येक थिसिसच्या शेवटी मास्टर चार्ट असतो. आडवं पान, बारीक अक्षर, अनुक्रमांक, आयपी नंबर (पेशंटचा भरतीचा क्रमांक), वय, लिंग, वजन, एएसए ग्रेड (ऑपरेशनआधीच्या तब्येतीची श्रेणी), गट आणि पुढे मिनिटामिनिटाची नाडी आणि बीपी. जगातली मोठी नियतकालिकं जे मागायला बिचकत होती, ते आपल्याकडे रेसिडेंट निमूटपणे छापून बांधून देतो. फक्त ते पान वाचायचं कुणी, हे ठरलेलं नाही. परीक्षक पान उलटतो, चार्ट आहे एवढं पाहतो आणि ‘डिस्कशन’कडे वळतो.

तो वाचला तर काय सापडतं, हे कार्लाइल यांनीच पुढे दाखवलं. ‘अॅनेस्थेशिया’कडे फेब्रुवारी २०१७ ते मार्च २०२० या काळात आलेले ५२६ अभ्यास त्यांनी तपासले. नुसते तक्ते पाहून खोटेपणा पकडता आला तो दोन टक्के अभ्यासांत. ज्या १५३ अभ्यासांत एकेका पेशंटचे आकडे हाती आले, तिथे तो ४४ टक्के निघाला. (हे १५३ काही अंशी संशयावरून निवडलेले होते, तेव्हा ४४ टक्के हे सगळ्या संशोधनाचं प्रमाण समजू नये.) सापडलेल्या गोष्टी ढोबळ होत्या: ओळींचा एक गठ्ठा कॉपी करून खाली पुन्हा चिकटवलेला, वेगवेगळ्या पेशंटांच्या रकान्यांत तेच ते आकडे. यासाठी संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. एक्सेलची फाइल उघडून अर्धा तास शांतपणे पाहणारा माणूस लागतो. ज्या देशांतून आलेल्या अभ्यासांत असे नमुने सापडले त्यांत भारतही आहे.

मग गाइडने काय करावं? सहीसाठी थिसिस समोर आला की मास्टर चार्टमधल्या कुठल्याही पाच ओळी निवडाव्यात आणि त्या आयपी नंबरचे केस पेपर रेकॉर्ड रूममधून मागवावेत. भुलेच्या कागदावरचा बीपी आणि चार्टातला बीपी जुळतो का, ऑपरेशनची तारीख नीतिसमितीच्या मंजुरीनंतरची आहे का, सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी झाली का, एवढं पाहावं. १ एप्रिल २०१८पासून सीटीआरआयने मागून नोंदणी करणं बंदच केलं आहे, त्यामुळे तारखांची ही तपासणी कुणालाही घरबसल्या करता येते. वजनाच्या रकान्यात सगळे आकडे पाच किंवा शून्यावर संपत असतील तर तो गुन्हा नाही, वॉर्डातल्या काट्याची किंवा अंदाजे लिहिण्याची सवय असेल. पण ऑपरेशनच्या मिनिटांचं मानक विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) दोन मिनिटांचं असेल, तर तो सर्जन मला भेटायला आवडेल.

यात एक अडचण खरी आहे. रेसिडेंटला रात्रीची इमर्जन्सी, दिवसाची लिस्ट आणि दोन वर्षांत पूर्ण करायचा साठ-ऐंशी पेशंटांचा आकडा, हे सगळं एकदम असतं. ज्या विभागात आठवड्याला त्या प्रकारच्या दोनच केसेस होतात तिथे शंभर पेशंटांचा सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) मंजूर करणारी समिती खोटेपणाला आमंत्रण देते. नमुन्याचा आकडा मंजूर करण्याआधी ओटी रजिस्टर काढून गेल्या वर्षी अशा केसेस किती झाल्या, ते मोजायला हवं. डॉ. क्ष यांच्या विभागातही असं रजिस्टर असणारच. ते उघडून पाहिलं असतं, तर १९९०च्या दशकातच हिशेब जमत नाही हे कळलं असतं.

सहलेखकांबद्दल मी कमी सहनशील आहे. ज्यांच्या नावाचा गैरवापर झाला त्यांना दोष नाही. पण नाव माहीत असूनही जे गप्प राहिले, त्यांना ‘मी फक्त मसुदा वाचला’ म्हणता येऊ नये. हल्ली बरीच नियतकालिकं प्रत्येकाने नेमकं काय केलं ते लिहून घेतात. त्यात ‘मूळ आकडे कुणी पाहिले’ हा रकाना सक्तीचा असावा, आणि तिथे किमान दोन नावं असावीत.

एक निर्णय अजून उघडाच आहे. ज्या ३७ निबंधांबद्दल समिती ‘सांगता येत नाही’ म्हणाली, त्यांचं काय करायचं? एकाच लेखकाचे १७२ निबंध बनावट निघाल्यावर या ३७ना संशयाचा फायदा द्यायचा, की उलट सिद्ध होईपर्यंत बाहेर ठेवायचं? मी बाहेर ठेवतो, आणि आढाव्यात तसं कारणासह लिहितो. पण माझ्याच विभागातले एक सहकारी म्हणतात, की निर्दोष ठरवता आलं नाही म्हणून दोषी धरणं हा न्याय नव्हे, दोन्ही प्रकारे हिशेब करून दोन्ही उत्तरं छापावीत. त्यांचा मार्ग जास्त कष्टाचा आहे. सध्या विभागातल्या जर्नल क्लबमध्ये दोन्ही तक्ते शेजारी ठेवून हा वाद चालू आहे.